शहाण्या विजेला शिस्त हवी

मॉरिशसमधील कोणत्याही घराच्या भिंतीकडे पाहा. एका खोलीत इंग्रजी वळणाचा, तीन चौकोनी पिनांचा प्लग बसतो, तर दुसऱ्या खोलीत फ्रेंच वळणाचा, दोन गोल पिनांचा. इस्त्री एका तऱ्हेची, रेडिओ दुसऱ्या तऱ्हेचा. म्हणूनच आपल्या प्रत्येक घरी कपाटाच्या खणात एक तरी अडॅप्टर पडलेला असतो. इंग्रजांचे राज्य आणि फ्रेंचांचे वळण या दोहोंचा हा वारसा आहे. आपल्या बेटावर क्रिओल, फ्रेंच, इंग्रजी, भोजपुरी, मराठी अशा अनेक भाषा नांदतात आणि ती आपली श्रीमंती आहे. प्लगांच्या अनेक भाषा ही मात्र श्रीमंती नव्हे. ती केवळ अडचण आहे, आणि तिचा खर्च आपण वर्षानुवर्षे चार-चार रुपयांनी भरत आलो आहोत.

ही अडचण दूर करण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोग, ज्याला जगभर आयईसी या नावाने ओळखतात, त्याने १९८६ मध्ये साऱ्या जगासाठी एकच घरगुती प्लग ठरवून दिला. प्लग चांगला होता, सुरक्षितही होता. परंतु तोवर कोट्यवधी घरांच्या भिंतींत सॉकेट पक्के बसले होते. कोण भिंती फोडणार? ब्राझील व दक्षिण आफ्रिका या दोन देशांनीच तो थोड्याफार फरकाने स्वीकारला. बाकीचे जग आपापल्या जुन्या प्लगांसह तसेच राहिले.

वाचकहो, प्लगची ही गोष्ट सांगण्यामागे आमचा हेतू आहे. मानक म्हणजे स्टँडर्ड. ते भिंतीवर वस्तू बसण्याआधी ठरले तर उपयोगी; वस्तू बसल्यावर ठरले तर पुस्तकात राहते. आज आपल्या बेटाच्या भिंतींवर, छपरांवर आणि वीज-उपकेंद्रांत एक नवी पिढी बसू लागली आहे. त्या पिढीचे नाव आहे स्मार्ट ग्रिड, म्हणजे शहाणे वीजजाळे. तिचे नियम जगात कोठे, कसे आणि कोण ठरवतो, याकडे आपण आताच लक्ष दिले पाहिजे असे आम्हाला वाटते.

प्रथम हे शहाणे जाळे म्हणजे काय ते पाहू. पूर्वी वीज एकाच दिशेने वाहत असे. मोठे केंद्र वीज निर्माण करी, तारा ती वाहून नेत आणि घरे ती वापरत. आपल्याकडे साखर कारखान्यांनी ही रीत फार पूर्वीच थोडी बदलली. उसाच्या चिपाडांवर, म्हणजे आपल्या बगासवर, वीज करून ती जाळ्याला विकण्याचे काम मॉरिशसने जगातील अनेक देशांच्या आधी केले. आता तर सामान्य माणसाच्या छपरावरूनही वीज उलटी जाळ्यात जाते. बांबू गावापाशी २०१४ मध्ये १५ मेगावॅटचे सौरकेंद्र उभे राहिले. प्लेन दे रोश येथे २०१६ मध्ये पवनचक्क्या फिरू लागल्या. सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले की २०३० पर्यंत साठ टक्के वीज ऊन, वारा, पाणी, बगास अशा अक्षय साधनांतून यावी.

ध्येय चांगलेच आहे. पण ऊन आणि वारा कुणाच्या हुकुमाने येत नाहीत. एक मोठा ढग आला की शेकडो छपरांची वीज एकदम कमी होते. अशा वेळी बॅटरी, इन्व्हर्टर, मीटर आणि नियंत्रणकक्ष यांनी एकमेकांना क्षणार्धात निरोप द्यावा लागतो. हे निरोप देणारे-घेणारे जाळे म्हणजेच शहाणे जाळे. आता विचार करा. बॅटरी एका देशातून आली, इन्व्हर्टर दुसऱ्या, मीटर तिसऱ्या आणि नियंत्रणकक्षाचा संगणक चौथ्या देशातून. त्यांची भाषाच एक नसेल तर ते बोलणार कसे?

मानकाची कल्पना आपल्या लोकांना नवी नाही. आपल्या आजोबांनी जमीन घेतली ती आर्पांत मोजून, आणि आजही जमिनीचा सौदा बोलताना आर्पां व पेर्श हे शब्द तोंडी येतात. शाळेत मात्र मुले हेक्टर शिकतात. एक आर्पां म्हणजे सुमारे ०.४२ हेक्टर, हे दोघांनीही मान्य केले म्हणून नोटरीपुढे भांडण होत नाही. मानक म्हणजे असा मान्य केलेला करार. तो कायदा असेलच असे नाही, पण तो नसला तर व्यवहार अडतो.

विजेच्या क्षेत्रात हे करार करण्याचे काम आयईसी ही संस्था १९०६ पासून करते. तिची स्थापना लंडनमध्ये झाली आणि प्रसिद्ध शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन हे तिचे पहिले अध्यक्ष होते. आज तिचे कार्यालय जिनिव्हा येथे आहे. कामाची रीत अशी की प्रत्येक विषयाची एक तांत्रिक समिती असते. देशोदेशींचे तज्ज्ञ मसुदा लिहितात, तो सदस्य-देशांकडे जातो, सूचना येतात, पुन्हा मसुदा होतो आणि शेवटी मतदान होते. मत देणाऱ्या सक्रिय देशांपैकी दोन तृतीयांश अनुकूल असावे लागतात, आणि एकूण मतांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक विरोधी असली तर मसुदा पडतो. या साऱ्याला काही वर्षे सहज लागतात. काम कंटाळवाणे आहे. वर्तमानपत्रात त्याची बातमी येत नाही. पण त्या समितीच्या टेबलावर जे ठरते ते पुढे वीस-तीस वर्षे आपल्या घरातील दिव्यावर राज्य करते.

करार वेळेवर झाला नाही तर काय होते, हे पाहायचे असेल तर जपानकडे पाहावे. तोही आपल्यासारखाच बेटांचा देश. १८९५ च्या सुमारास टोकियोने जर्मनीहून यंत्रे आणली. ती सेकंदाला ५० आवर्तनांची होती. ओसाकाने अमेरिकेहून आणली; ती ६० आवर्तनांची होती. त्या वेळी कुणाला त्यात मोठी गोष्ट वाटली नाही. पुढे अर्धा देश पन्नासवर आणि अर्धा साठवर वाढला. ११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामी आली, पूर्वेकडील वीजकेंद्रे बंद पडली, आणि पश्चिमेकडे वीज असूनही ती भरपूर प्रमाणात पूर्वेला पाठवता आली नाही. दोन्ही जाळ्यांमधील रूपांतर केंद्रांची क्षमता होती जेमतेम हजार मेगावॅटच्या आसपास. एकोणिसाव्या शतकातील दोन खरेद्यांची किंमत एकविसाव्या शतकातील लोकांनी अंधारात बसून दिली.

आपल्याकडे आवर्तने ५० आहेत आणि ती सर्वत्र एकच आहेत, हे भाग्य समजावे. पण तेवढ्याने भागत नाही. ही ५० ची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. आपल्या भजनाच्या बैठकीचे उदाहरण घेऊ. दहा टाळकरी एकाच तालात टाळ वाजवतात. वीजजाळ्यात प्रत्येक यंत्र असेच सेकंदाला पन्नासचा ताल धरून चालते. मागणीपेक्षा वीज जास्त झाली की ताल थोडा जलद होतो. कमी पडली की मंदावतो. मृदंगवाला शहाणा असला तर तो सगळ्यांना हलकेच पुन्हा तालावर आणतो. पण समजा प्रत्येक टाळकऱ्याला आधीच सांगून ठेवले आहे की ताल जरा जलद झाला की लगेच टाळ खाली ठेवायचे. दहापैकी एकाने ठेवले तर भजन चालू राहील. दहाही जणांनी एकाच क्षणी ठेवले तर भजन बंद पडेल.

जर्मनीत नेमके असेच सांगून ठेवले होते. छपरावरील सौरयंत्रे थोडी होती त्या काळात नियम झाला की वारंवारता ५०.२ वर गेली की इन्व्हर्टरने ताबडतोब जाळ्यापासून सुटून जावे. तेव्हा तो नियम निरुपद्रवी होता. मग छपरे लाखांनी वाढली. एके दिवशी अभियंत्यांच्या ध्यानात आले की उन्हाच्या दुपारी वारंवारता ५०.२ ला पोचली तर हजारो मेगावॅट वीज एका क्षणात नाहीशी होईल. युरोपचे सामाईक जाळे एकदम गेलेली ३,००० मेगावॅट वीज सोसेल अशी तयारी ठेवते. येथे धोका त्याच्या कितीतरी पट होता. हा धोका केवळ कागदावरचा नव्हता. ४ नोव्हेंबर २००६ च्या रात्री युरोपचे जाळे तीन तुकड्यांत फुटले होते आणि एका तुकड्यात वारंवारता ५१ च्याही वर गेली होती. शेवटी जर्मनीने २०१२ मध्ये खास नियम करून तीन लाखांहून अधिक सौरयंत्रांची मांडणी बदलायला घेतली. माणसे घरोघर पाठवावी लागली. कोट्यवधी युरोंचा खर्च शेवटी वीजग्राहकांवरच पडला.

चूक कुणा एकाची नव्हती. नियम लिहिणाऱ्यांनी आजचा विचार केला, उद्याचा केला नाही, एवढेच. अमेरिकेतही असेच झाले. तेथील आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २००३ मध्ये छोट्या वीजनिर्मितीसाठी १५४७ क्रमांकाचे मानक काढले. त्याचा सूर असा की गडबड दिसली की छोट्या यंत्राने बाजूला व्हावे. २०१८ च्या सुधारित आवृत्तीने हा सूर उलटा केला: थोड्या गडबडीत यंत्राने टिकून राहावे आणि जाळ्याला हात द्यावा. पंधरा वर्षांत नियमाचे तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे वळले.

मोठ्या देशात अशी चूक खपून जाते, कारण शेजारच्या देशाची वीज मदतीला येते. आपल्याला शेजारी नाही. चहूकडे समुद्र आहे, आणि आपले जाळे जगातील दुसऱ्या कोणत्याही जाळ्याला जोडलेले नाही. आपली सर्वांत मोठी मागणी पाचशे-साडेपाचशे मेगावॅटच्या आसपास असते. युरोपच्या जाळ्यात जो धक्का जाणवतही नाही तो आपल्याला पाडू शकतो. शेजारच्या रेयुनियों बेटावर फ्रेंच सरकारने २००८ मध्ये नियम केला होता की ऊन-वाऱ्याची वीज कोणत्याही क्षणी तीस टक्क्यांवर गेली की जास्तीची वीज थांबवता यावी. ती भीती अनाठायी नव्हती. चांगले मानक आणि चांगल्या बॅटऱ्या यांच्या साहाय्यानेच ही रेषा वर सरकवता येते. म्हणून आम्ही म्हणतो की मानकांची गरज मोठ्या देशांपेक्षा आपल्यासारख्या छोट्या बेटाला अधिक आहे.

हवाई बेटांचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटावे. तेथेही प्रत्येक बेटाचे जाळे वेगळे, आणि छपरांवर सौरयंत्रे दाटीने बसलेली. २०१५ च्या आरंभी तेथे एनफेझ या कंपनीने आपल्या सुमारे आठ लाख छोट्या इन्व्हर्टरांची मांडणी दूरवर बसून, संदेश पाठवून, एका दिवसात बदलली. जर्मनीत ज्यासाठी घरोघर माणसे पाठवावी लागली ते येथे एकाही छपरावर न चढता झाले. शहाण्या जाळ्याचा हा खरा फायदा. पण येथेच एक प्रश्नही उभा राहतो. दूर बसलेला चांगला माणूस एका दिवसात आठ लाख यंत्रे बदलू शकतो, तर दूर बसलेला वाईट माणूस काय करील?

याचे उत्तर युक्रेनने अनुभवले. २३ डिसेंबर २०१५ रोजी संगणकावरून घुसलेल्या हल्लेखोरांनी तेथील उपकेंद्रे बंद केली आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज काही तास गेली. पुढच्या वर्षी १७ डिसेंबर रोजी राजधानी कीव्हजवळच्या उपकेंद्रावर पुन्हा हल्ला झाला. त्या वेळी वापरलेला घातक प्रोग्राम उपकेंद्रातील यंत्रांच्या प्रमाणित भाषा बोलू शकत होता. त्यांत आयईसी ६१८५० हे मानकही होते. सर्वांची भाषा एक झाली की मित्राला बोलणे सोपे होते आणि चोरालाही. म्हणून भाषेच्या मानकाबरोबर कुलपाचेही मानक हवे. आयईसीने ते ६२३५१ या क्रमांकाने काढले आहे. ते कागदावर आहे. ते प्रत्येक उपकेंद्रात लागू झाले आहे की नाही हे विचारणारा कुणी तरी पाहिजे.

६१८५० हा आकडा आताच आला म्हणून त्याची कथाही थोडक्यात सांगतो, कारण तीत शिकण्यासारखे आहे. पूर्वी उपकेंद्रातील संरक्षक यंत्रे प्रत्येक कंपनीची वेगळी भाषा बोलत. एका कंपनीकडून एकदा माल घेतला की पुढची वाढही तिच्याकडूनच, ती सांगेल त्या किमतीला. अमेरिकेत यावर एक उपाय चालला होता, युरोपात दुसरा. दोन्ही बाजूंनी आपलेच घोडे पुढे दामटले असते तर आणखी एक प्लग-पुराण झाले असते. परंतु १९९० च्या दशकाच्या शेवटी दोन्ही गटांनी काम एकत्र केले आणि २००३ च्या सुमारास ६१८५० चे मुख्य भाग प्रसिद्ध झाले. आज हे मानक जगभरच्या नव्या उपकेंद्रांत वापरले जाते. दोघांनी थोडे-थोडे सोडले म्हणून सर्वांना मिळाले.

यापुढे सरकारांनीही हात घातला. अमेरिकेच्या संसदेने २००७ च्या कायद्याने शहाण्या जाळ्याच्या मानकांचा मेळ घालण्याचे काम आपल्या राष्ट्रीय मानक संस्थेकडे दिले. तिने जानेवारी २०१० मध्ये पहिला आराखडा काढला आणि उपयोगी पडतील अशी ७५ मानके नोंदवली. युरोपीय आयोगाने मार्च २०११ मध्ये आपल्या तीन मानक संस्थांना असेच काम सोपवले. पण मानक निवडणे आणि ते पाळायला लावणे यांत अंतर आहे. जुलै २०११ मध्ये अमेरिकेच्या वीज-नियामक आयोगाने निवडलेल्या पाच मानक-गटांना सक्तीचे करण्यास नकार दिला. पुरेसे एकमत नाही, असे कारण दिले. शाळेत अभ्यासक्रम छापला म्हणजे मुले शिकली असे होत नाही, तसेच हे.

आता घराच्या दारापर्यंत येऊ, म्हणजे मीटरपर्यंत. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक बिलायतेत आहेत; त्यांना विचारून पाहा. तेथे पहिल्या पिढीचे स्मार्ट मीटर लाखोंनी बसवले गेले. ग्राहकाने वीज कंपनी बदलली की त्यांतील पुष्कळ मीटर मुके होत, कारण नव्या कंपनीच्या यंत्रणेशी त्यांची बोली जमत नसे. मीटर भिंतीवर तसाच, पण आकडे पुन्हा हाताने लिहून कळवायचे. पुढे दुसऱ्या पिढीचे मीटर आले आणि जुन्यांनाही सामाईक यंत्रणेत आणण्याचे काम सुरू झाले. आधी बसवले आणि मग भाषा ठरवली, त्याचे हे फळ.

याउलट दक्षिण आफ्रिकेकडे पाहा. तेथे १९९० च्या दशकात गरीब वस्त्यांना वीज देताना आगाऊ पैसे भरण्याचे मीटर आले. ग्राहक पैसे भरतो, त्याला वीस अंकी आकडा मिळतो, तो मीटरवर टिपला की वीज सुरू. या आकड्यांची पद्धत एकच असावी म्हणून तेथे एक मानक तयार झाले आणि पुढे तेच आयईसीने आंतरराष्ट्रीय म्हणून स्वीकारले. मानके नेहमी युरोप-अमेरिकेतच जन्मतात हा समज त्यामुळे खोटा ठरतो. त्या मानकात एक मर्यादा मात्र राहून गेली होती. १९९३ पासूनची मिनिटे मोजणारा त्यातील आकडा २४ नोव्हेंबर २०२४ रोजी संपणार होता. त्या दिवसाआधी प्रत्येक मीटरमध्ये खास आकडे टिपून तो नव्याने सुरू करावा लागला. मुदत जवळ आली तरी लाखो मीटर शिल्लक होते, आणि लोकांना पुन्हा-पुन्हा आवाहन करावे लागले. पण मानक एकच असल्यामुळे उपायही एकच होता. मीटर कुणाचाही असो, तेच वीस-वीस अंक टिपायचे. शंभर कंपन्यांच्या शंभर पद्धती असत्या तर काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी.

भारतानेही या बाबतीत एक शहाणपणाचे पाऊल टाकले. आपली अगदी वेगळी भाषा न शोधता त्याने आयईसीच्या मीटर-भाषेवर आधारित भारतीय मानक २०११ मध्ये काढले आणि २०१५ मध्ये स्मार्ट मीटरचे मानक दिले. २०२१ च्या योजनेत पंचवीस कोटी मीटर बसवण्याचे ध्येय ठेवले. एवढ्या मोठ्या देशालाही जगाची भाषा घेऊन तीत आपल्या गरजेचे शब्द भरावेसे वाटले, हे लक्षात घ्यावे.

यावर काही जण आक्षेप घेतील, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. ते म्हणतील, समित्यांत बसतात ती मोठ्या कंपन्यांची माणसे. ज्याच्याकडे विमानाच्या तिकिटाचे पैसे, त्याचे मत. मानकांची पुस्तकेही विकत घ्यावी लागतात आणि ती स्वस्त नसतात. मग हे करार आपल्या हिताचे कसे? आमचे उत्तर असे. कंपन्यांचा प्रभाव आहे हे खरे. परंतु उघड समितीत लिहिलेला, सर्वांना वाचता येणारा करार हा एका कंपनीच्या तिजोरीतल्या करारापेक्षा केव्हाही बरा. मोठा देश कंपनीला धमकावू शकतो, कारण तो मोठे गिऱ्हाईक आहे. आपल्यासारख्या छोट्या गिऱ्हाइकाला मानकाचाच आधार. आणि दार अगदी बंदही नाही. आयईसीने २००१ पासून विकसनशील देशांसाठी एक सहभाग योजना चालवली आहे. तीत काही मानके विनामूल्य मिळतात, मसुदे पाहता येतात. मतदानाचा हक्क मात्र नसतो. मत नाही म्हणून तोंडही उघडायचे नाही, हे बरोबर नव्हे.

तेव्हा आपण मागायचे काय? आमच्या दृष्टीने चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, वीज मंडळाने मीटर, बॅटरी किंवा नियंत्रणयंत्रे मागवताना निविदेत उघड आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक लिहावा, आणि यंत्र ते मानक पाळते याची चाचणी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून झालेली असावी. "पाळते" असे विक्रेत्याने सांगणे पुरेसे नाही. मानकांत पुष्कळ गोष्टी ऐच्छिक ठेवलेल्या असतात, त्यामुळे दोन यंत्रे एकच मानक पाळूनही एकमेकांशी न बोलण्याचा संभव असतो. म्हणून आपल्या बेटासाठी कोणते पर्याय घ्यायचे हेही लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट, छपरांवरील प्रत्येक इन्व्हर्टरची नोंद असावी: बनावट कोणती, कोणत्या वारंवारतेला तो सुटतो, त्याची मांडणी दुरून बदलता येते का, आणि ती किल्ली कुणाच्या हाती आहे. जर्मनीला जे तीन लाख घरांनंतर सुचले ते आपण आताच करू शकतो.

तिसरी गोष्ट, मॉरिशस स्टँडर्ड्स ब्युरो आणि रेदुईचे विद्यापीठ यांनी मिळून तरुण अभियंत्यांची एक छोटी तुकडी या मसुद्यांच्या वाचनासाठी तयार करावी. वादळाच्या देशात, दमट समुद्री हवेत, एकट्या जाळ्यावर यंत्र कसे वागते हे जिनिव्हात बसलेल्या तज्ज्ञाला ठाऊक असेलच असे नाही. ते आपल्याला ठाऊक आहे. ते लिहून पाठवणे हे आपले काम आहे.

चौथी गोष्ट आपल्या सर्वांची. छपरावर सौरयंत्र बसवायला माणूस येईल तेव्हा त्याला केवळ "किती पैसे वाचतील" एवढेच विचारू नका. मंडळाच्या नियमाप्रमाणे मांडणी केली का, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला का, आणि त्याचा कागद आम्हाला देणार का, हेही विचारा. तो कागद घराच्या इतर कागदपत्रांबरोबर जपून ठेवा. आणि घरातील मुलामुलींना सांगा की वीज-अभियंता म्हणजे केवळ खांबावर चढणारा नव्हे. नियम वाचणारा, मसुद्यात चूक दाखवणारा, दूर देशच्या समितीला धीटपणे पत्र लिहिणारा माणूसही आपल्या बेटाला हवा आहे. आपल्या मुलांना इंग्रजी येते, फ्रेंच येते, गणितातही ती मागे नाहीत. मग या कामात ती का नसावीत?

साखरेचा भाव कुणी तरी दूर देशी ठरवावा आणि आपण तो मुकाट्याने घ्यावा, असा काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला. विजेच्या नियमांच्या बाबतीत तसे होण्याचे कारण नाही. येथे मसुदा आधी दाखवला जातो, सूचना मागवल्या जातात, मुदत दिली जाते. मुदतीत न बोलणाऱ्याने नंतर कुरकुर करण्यात अर्थ नसतो. करारावर सही होण्यापूर्वी विचारलेला एक प्रश्न सही झाल्यानंतरच्या शंभर तक्रारींहून अधिक कामाचा असतो. तो प्रश्न विचारण्याची वेळ आपल्या बेटासाठी आज आहे.